ही वाढलेली लगड खणली कुणी? खेळातल्या बँकेच्या प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

काल निघालेली विसर्जनाची मिरवणूक आज उजाडलं तरी कपिलेश्वर तलावाकडं सरकतेच आहे. खिडकीच्या काचा थरथरताहेत, झोपेचं नाव नाही. म्हटलं बसलोय तर नोंदवही तरी सुरू करावी.

खेळ लुआन्टी, ठोकळ्यांच्या जगात खणायचं आणि बांधायचं असा. आधी याला माइनटेस्ट म्हणायचे, ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव बदललं. बेळगावकराला नाव बदलण्याचं काय कौतुक म्हणा, आमच्या गावाचं १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं आणि घरात अजून जुनंच चालतंय. खेळ फुकट आहे, जुन्या डबड्यावर चालतो, फोनवरनंही खेळता येतो, म्हणून निवडला. सर्व्हर म्हणजे शहापुरातल्या आमच्या घरातला चार जीबीचा डेस्कटॉप. खेळाडू अकरा: गल्लीतली सहा पोरं, खानापूरचा मावसभाऊ, निपाणीचे दोघे भाऊ, गोकाकचा एक (माझ्या मित्राचा धाकटा भाऊ, घरी कन्नड, आमच्यात मराठी) आणि कोल्हापूरची आतेबहीण. सगळ्यांत श्रीमंत तीच.

बँक हवी हे काल रात्री ठरलं. निपाणीकर थोरला २१० सोन्याच्या लगडी खिशात घालून बाजाराला निघाला आणि खाणीच्या तोंडाशी पाय घसरून मेला. या खेळात मेलं की जागेवर हाडं पडतात आणि सगळं सामान त्या हाडांत राहतं. पहिली वीस मिनिटं ती हाडं फक्त मालकाला उघडता येतात, नंतर कुणीही उघडावीत. हा पळतच निघाला होता, तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली. पंचवीस मिनिटांनी येऊन बघतो तर हाडं रिकामी.

"दादा, माझी हाडं कुणी उचकटली बघ की!"

कोण कबूल करणार? कुलपाची पेटी सगळ्यांकडं आहे, पण पेटी घरात आणि बाजार दूर. सोनं अंगावर न घेता देवघेव व्हायला पाहिजे.

१० सप्टेंबर

मॉड लिहिला, म्हणजे खेळात आपली भर घालणारा छोटा प्रोग्राम. लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत साठेक ओळी. एक काउंटरचा ठोकळा, त्यावर क्लिक केलं की एक खिडकी उघडते: रकमेचा रकाना, खाली "भरा" आणि "काढा" अशी दोन बटणं. आत एक यादी, नाव आणि शिल्लक. भरलं की खिशातल्या लगडी नाहीशा, आकडा वाढला. काढलं की उलट.

उणे ५० भरून बघितलं. तसं करणारा पहिला माणूस मीच असणार हे माहीत होतं, म्हणून शून्य किंवा त्याखालची रक्कम आधीच अडवलीय. शिलकेपेक्षा जास्त काढता येत नाही. झालं की!

वर व्याजही ठेवलं, दिवसाला एक टक्का. बँक म्हटल्यावर व्याज पाहिजेच.

१४ सप्टेंबर, रविवार

"दिवसाला" म्हणजे कुठला दिवस हे मी ठरवलंच नव्हतं. कोडमध्ये खेळातला दिवस घेतला होता. तो वीस मिनिटांचा असतो, म्हणजे आपल्या एका दिवसात खेळातले ७२. रोज संध्याकाळी पाच ते अकरा सर्व्हर चालायचा तोवर अठरा दिवसच व्हायचे. पोरं खूश, मीही खूश. काल रात्री बंद करायला विसरलो. आज संध्याकाळी पाचला कोल्हापूरच्या बहिणीच्या १००० लगडी दोन हजाराला टेकल्या होत्या. चक्रवाढीनं ७२ वेळा एक टक्का म्हणजे दुपटीहून जरा वर. दर वेळी अपूर्णांक खाली कापत होतो म्हणून दुप्पट व्हायला थोडं कमी पडलं.

आणि गल्लीतल्या सगळ्यात लहान पोराच्या ८० लगडी ८०च राहिल्या. ८० चा एक टक्का ०.८, कापला की शून्य. बहात्तर वेळा शून्य. तो काही बोलला नाही, नुसता स्क्रीनकडं बघत बसला.

बाबा चहा घेऊन मागं येऊन उभे होते. बाबांनी सत्तावीस वर्षं एका पतसंस्थेची पिग्मी गोळा केली, आधी सायकलवर, मग लुनावर, शेवटची काही वर्षं ते पावती छापणारं छोटं यंत्र गळ्यात अडकवून. खेळातलं त्यांना काही कळत नाही. त्यांनी एवढंच विचारलं:

"हिची हजार लगड वाढली ती खणली कुणी?"

कुणीच नाही. या खेळात सोनं अडीचशेहून जास्त ठोकळे खाली उतरल्याशिवाय दिसत नाही. एकेक खडा फोडून, भट्टीत घालून लगड होते. आणि मी ती झोपेत छापली होती.

१५ सप्टेंबर

शनिवारच्या बॅकअपवर गेलो. रविवारच्या भरण्या-काढण्या गेल्या. कुणी किती भरलं हे प्रत्येकाला विचारत बसलो, कारण माझ्याकडं फक्त शिलका होत्या, त्या कशा झाल्या ते कुठंच नव्हतं. सहाजणांनी सांगितलेली बेरीज प्रत्यक्ष सोन्यापेक्षा ६३ नं जास्त. सगळ्यांच्या तोंडावर भोळा भाव.

१८ सप्टेंबर

आज कोडला हात लावला नाही. बाबांनी माळ्यावरनं आजोबांच्या दुकानाची लाल कापडी बांधणीची वही काढली आणि मला बसवलं.

रोजकीर्द आधी, खतावणी मग. घडलं तसं, घडलं त्या क्रमानं, एकाखाली एक लिहायचं: अमुक तारीख, अमुक नाव, जमा की नावे, किती. खोडायचं नाही. चुकलं तर खाली उलटी नोंद घालायची. संध्याकाळी त्यातनं प्रत्येकाच्या पानावर चढवायचं, ती खतावणी. आणि महिन्याच्या शेवटी सगळ्या पानांच्या शिलका एका कागदावर उतरवून जमेची बाजू आणि नावेची बाजू जुळते का बघायचं, ती तेरीज. "शिल्लक लिहून ठेवायची नसते रे," बाबा म्हणाले, "शिल्लक काढायची असते."

पुढं अर्धा तास माझी बोलती बंद. डेटाबेसवाले जे मोठमोठ्या शब्दांत सांगतात ते आजोबांच्या वहीत जाडजूड अक्षरात होतं, शाईचा डाग पडलेला सोडला तर नीट. शिलकेची यादी मी मुख्य मानली होती, ती खरं म्हणजे नुसती खतावणी, कधीही नव्यानं काढता येईल अशी.

मॉड नव्यानं मांडायचा:

एक, प्रत्येक व्यवहाराला क्रमांक आणि वेळ, आणि तो रोजकीर्दीत शेवटी जोडला जाणार, मागचं काही बदलणार नाही. दोन, हिशेब लगडीत नाही, पैशांत. एका लगडीचे १०० पैसे, सगळे पूर्णांक. म्हणजे ८० लगडीवाल्यालाही त्याचा वाटा मिळेल. तीन, भरलेलं सोनं हवेत जाणार नाही, तिजोरीच्या पेटीत जाणार. तिजोरीतलं सोनं अधिक येणं असलेलं कर्ज, हे सगळ्यांच्या ठेवी अधिक बँकेची स्वतःची गंगाजळी याच्याएवढं असायलाच पाहिजे. नसेल तर काउंटर आपोआप बंद.

व्याजाचं काय? बाजारातल्या प्रत्येक विक्रीवर दोन टक्के बँकेला, कर्जावरचं व्याज बँकेला, आणि दर रविवारी त्यातनं जे जमेल ते ठेवीदारांत वाटायचं. जमलं नाही तर वाटायचं नाही. कर्जाला दोन जामीनदार लागतील. हे बाबांनी न विचारता घातलं.

२१ सप्टेंबर, रविवार

पाटीचा दिवस. हे सगळ्यात सोपं असेल असं वाटलं होतं.

खेळातल्या फलकावर मराठी लिहायला गेलो. माझ्या मशीनवर देवनागरी फॉन्ट घातला, अक्षरं आली, पण जोडली जाईनात. "पिग्मी" लिहिलं तर पहिली वेलांटी प च्या पुढं जाऊन ग च्या डोक्यावर बसली, ग चा पाय मोडलेला आणि म वेगळा उभा. या खेळाचं इंजिन अक्षरं ज्या क्रमानं साठवलीत त्याच क्रमानं एकापुढं एक ठेवतं. आपल्या लिपीत मागचं पुढं आणि पुढचं खाली जातं हे त्याच्या गावी नाही. गोकाकच्या पोरानं कन्नडमध्ये लिहून बघितलं. त्याचीही तीच गत. चला, निदान इथं तरी कुणावर अन्याय नाही.

मग लोकरीच्या ठोकळ्यांनी भिंतीवर अक्षरं उभी केली. वर मराठीत "बँक", खाली कन्नडमध्ये. गल्लीतल्या एकानं लगेच विचारलं, बाहेर पाटीवर साठ टक्के कन्नडचा नियम आहे, इथं कसं? गोकाकचा उठला आणि ठोकळे मोजले. मराठी ७१, कन्नड ८८. "पंचावन्न टक्के होतंय अण्णा," म्हणाला, "चालवून घेतो."

२६ सप्टेंबर

बँकेवर पहिला दरोडा. दरोडेखोर वय वर्षे दहा, आणि तो स्वतःच तक्रार घेऊन आला.

"दादा, माझ्या खात्यात नान शिल्लक दाखवतंय."

गल्लीतलाच. भूक लागली होती, घरी कुणीतरी नान आणायला गेलं होतं, म्हणून गंमत म्हणून रकमेच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत "नान" (nan) लिहून "काढा" दाबलं. आता गंमत अशी की त्या तीन अक्षरांना लुआ शब्द समजत नाही. त्याचा आकडाच करते: "आकडा नव्हे" नावाचा आकडा. तो कशापेक्षाही लहान नाही, कशापेक्षाही मोठा नाही, स्वतःच्याही बरोबर नाही. माझे दोन पहारेकरी होते. पहिला विचारतो, रक्कम शून्य किंवा कमी आहे का? नाही. जाऊ दे. दुसरा विचारतो, शिलकेपेक्षा जास्त आहे का? नाही. जाऊ दे. मग शिलकेतनं नान वजा केला, शिल्लक नान.

इथवर हसण्यावारी. पण पुढं? पोराच्या खात्यात ४६ लगडी होत्या. त्यानं ५०० लिहिलं. ५०० हे नानपेक्षा जास्त आहेत का? नाही. मिळाल्या. परत ५००. परत मिळाल्या. हजार लगडी खिशात घालून तो मला विचारालाय की शिल्लक अशी का दिसते!

आणि रोजकीर्दीतनं बेरीज काढायला गेलो तर बँकेची एकूण ठेवही नान, कारण नानमध्ये काहीही मिळवा, उत्तर नानच. एका नासक्या आंब्यानं आढी जाते ती अशी.

तरी यावेळी बॅकअपवर जावं लागलं नाही. रोजकीर्दीत तीन नोंदी होत्या, वेळेसकट. नानची नोंद न खोडता रद्द अशी खूण करून बेरजेतनं वगळली, कारण नान उलटवला तरी नानच, ५०० च्या दोन्हींना खाली उलट्या नोंदी घातल्या, पोरानं हजार लगडी तिजोरीत टाकल्या, पंधरा मिनिटांत तेरीज जुळली. बाबांना दाखवलं. त्यांनी फक्त "हं" केलं, पण खुर्ची ओढून बसले.

दुरुस्ती: रकान्यात अंकांशिवाय काहीही असलं तर सरळ नकार, आणि पाचपेक्षा जास्त अंक नाहीत. आकड्यात बदलण्याआधीच मजकूर तपासायचा. नुसता नान अडवून भागलं नसतं, अनंत म्हणूनही एक आकडा असतो, तोही कुणीतरी कधीतरी लिहिणार. जाता जाता मराठी आणि कन्नड अंकही चालतील असं केलं, फोनवर पोरांचा कीबोर्ड कुठल्या भाषेत अडकलेला असेल सांगता येत नाही.

त्या पोराला शिक्षा नाही. चूक शोधल्याबद्दल ५ लगडी, बँकेच्या गंगाजळीतनं. बहिणीनं कोल्हापुरातनं हरकत नोंदवलीय.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी सोनं वाटून आलो. दुपारी काउंटरपुढं रांग: प्रत्येकाच्या हातात झाडाची पानं. "दादा, आज पानं जमा करून घे की, सोनंच आहे." घेतली. एका दिवसापुरता काउंटर पानं घेतो, पावती देतो, पावतीवर शिल्लक मात्र आहे तेवढीच. निपाणीकर धाकट्यानं ९९ पानांचे अकरा गठ्ठे भरले आणि उद्या व्याज लागेल का विचारलं.

७ ऑक्टोबर

काल रात्री वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी गेला महिनाभर कुरकुरत होती, ती नेमकी कालच मेली. मशीन धाडकन बंद. पहाटे चालू केलं तर काउंटरवर लाल दिवा: तिजोरीत १४ लगडी कमी.

कोण काय करत होतं ते रोजकीर्दीत बघितलं. शेवटची नोंद खानापूरची, जमा १४. आणि त्याच्या खिशात त्या १४ तशाच परत! म्हणजे त्यानं भरल्या, वहीत चढल्या, पण खिसा आणि तिजोरी भरण्याआधीच्या स्थितीत.

कारण कळायला सकाळ गेली. जगाच्या फोल्डरमध्ये फायली वेगवेगळ्या आहेत: नकाशा एका फाइलीत (तिजोरीची पेटी नकाशातला ठोकळा, म्हणून ती तिथं), खेळाडूंचे खिसे दुसरीत, मॉडची वही तिसरीत. सर्व्हर यांना सारखं डिस्कवर लिहीत नाही, काही सेकंदांनी लिहितो, आणि तिन्ही एकाच क्षणी नाही. त्या फटीत वीज गेली की तिघांच्या तीन कहाण्या.

पहिला उपाय सोपा. तिजोरीचं सोनं पेटीत न ठेवता वहीतच आकडा म्हणून ठेवायचं. एकाच फाइलीत असल्यावर वही आणि तिजोरी एकमेकांशी भांडणार नाहीत. पोरांना सोनं बघायला आवडतं म्हणून काचेमागं सोन्याचे ठोकळे रचलेत. ते दाखवायचे दात.

पण वही आणि खिसा? इथं अडलो. दुपारी जेवताना बाबांना सहज सांगितलं, तर म्हणाले, "आमच्याकडं असं रोज व्हायचं. पाऊस, यंत्राची बॅटरी, पावती अर्धी. मग काय, गिऱ्हाइकाच्या पासबुकातला शेवटचा पावती नंबर बघायचा, माझ्या वहीतला बघायचा. जिथं फरक तिथनं पुढं तपासायचं."

ताट तसंच टाकून उठलो. खेळाडूच्या नावावर मॉडला चार गोष्टी लिहून ठेवता येतात, आणि त्या खिशाबरोबर त्याच फाइलीत, एकदमच साठवल्या जातात. म्हणजे तेच पासबुक! आता प्रत्येक व्यवहाराबरोबर खेळाडूच्या नावावर शेवटचा पावती क्रमांक, रक्कम आणि भरलं की काढलं एवढं लिहितो. खेळाडू आत आला की दोन क्रमांक ताडून बघायचे. वही पुढं असेल तर खिशाला न पोचलेल्या नोंदी उलटवायच्या. पासबुक पुढं असेल तर वहीत राहिलेली नोंद चढवायची. संध्याकाळपर्यंत मुद्दाम वायर ओढून सात वेळा मशीन पाडलं. सातही वेळा जुळलं. आठव्यांदा आईनं वायर हातातनं काढून घेतली.

शिक्षक सरकारी सर्वेक्षणात अडकलेत, त्यापायी शाळांची सुट्टी १८ तारखेपर्यंत लांबली म्हणे. म्हणजे गर्दी वाढणार.

१२ ऑक्टोबर, रविवार

पिग्मी सुरू. ही माझी कल्पना नव्हे, पोरांचीही नव्हे. आठवडाभर बाबाच घोळवत होते.

अडचण अशी की सोनं खाणीत निघतं, बँक वर बाजारात. खाली गेलेलं पोर तासभर वर येत नाही, आणि येताना मेलं तर हाडं. काउंटरपर्यंत ते यायचं नसेल तर काउंटरनं त्याच्यापर्यंत जायला पाहिजे. बाबा म्हणाले पिग्मी निघाली ती याचसाठी: १९२८ साली, उडुपीत, पुढं जिला सिंडिकेट बँक म्हणू लागले तिथं. रोज दोन आणे, आणि माणूस दारात येऊन घेऊन जाणार. बँकेचं नाव २०२० च्या विलीनीकरणात गेलं, पिग्मी हा शब्द मात्र आमच्याकडं प्रत्येक भाजीवालीच्या तोंडात आहे. गदगजवळच्या कणगिनहाळला १९०५ साली सहकारी पतसंस्था निघाली तेही त्यांनी सांगितलं, पण तोवर मी कोडमध्ये होतो.

नियम: रोज २ लगडी, आपल्या दिवसाप्रमाणं, ३० दिवस. पूर्ण केलं तर ६० च्या ६२. तीनपेक्षा जास्त खाडे झाले तर नुसते भरलेले परत. एजंटला शंभराला तीन.

एजंट खानापूरचा. त्याला खाणीतले सगळे रस्ते पाठ आहेत आणि तो कुणाशीही बोलू शकतो. वेगळा अधिकार दिलाय: तो कुणाजवळही उभा राहून त्याची पिग्मी घेऊ शकतो, पावती तिथल्या तिथं. नऊजणांनी खाती उघडली. पासबुक म्हणजे खेळातलंच पुस्तक, लेखक बँक, म्हणजे दुसऱ्या कुणाला आत खाडाखोड करता येत नाही.

पहिल्याच दिवशी एजंट १८ लगडी घेऊन वर येताना मेला. दहा मिनिटांत हाडं गाठली. बाबांनी त्याला फोन लावून सांगितलं, "वसुली झाली की आधी बँकेत, मग चहा."

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

आईनं कीबोर्डला हळदकुंकू लावलं. एफ की च्या फटीत तांदळाचा दाणा गेलाय. रोजकीर्दीची छापील प्रत, पहिली चाळीस पानं, पाटावर ठेवली. बाबांनी वर श्री लिहिलं, स्वस्तिक काढलं.

पोरं आज सर्व्हरवर नाहीत, अंगणात किल्ल्याला माती लावाल्यात.

२६ ऑक्टोबर, रविवार

पहिलं वाटप. विक्रीतनं आणि कर्जातनं मिळून बँकेला ३८ लगडी आणि ४० पैसे. ठेवीच्या प्रमाणात वाटले. ८० लगडीवाल्या पोराला १ लगड ६० पैसे. त्यानं ती लगड लगेच काढली, हातात धरून बाजारभर फिरला, आणि परत भरली. रोजकीर्दीत दोन नोंदी, मध्ये सहा मिनिटं.

एक कर्ज थकलंय. हिऱ्याच्या कुदळीसाठी काढलेलं, कुदळ लाव्हात गेली. जामीनदार निपाणीचे दोघे भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत.

१ नोव्हेंबर

आज सर्व्हर बंद. का, ते बेळगावकराला सांगायला नको: कुणाचा राज्योत्सव, कुणाचा काळा दिवस.

११ नोव्हेंबर

काल पिग्मीची मुदत भरली. नऊ खाती, नऊही पूर्ण, खाडा तीनच्या वर कुणाचा नाही. मला खरं वाटेना. बाबांनाही. सत्तावीस वर्षांत एवढी सरळ पिग्मी बघितली नाही म्हणाले, आणि चष्मा लावून बसले. मी त्यांना रोजकीर्द आणि कोण कधी आत आलं-गेलं याची यादी शेजारी शेजारी उघडून दिली.

वीस मिनिटांनी बोट ठेवलं. गोकाकच्या पोराच्या चार पावत्या, ३ ते ६ नोव्हेंबर, संध्याकाळी साडेसातच्या सुमाराच्या. त्या चारही दिवशी तो पोरगा सर्व्हरवर आलाच नव्हता. एजंटनं समोर माणूस नसताना पावती फाडली कशी? कोड बघितलं: पिग्मीचं सोनं एजंटच्या खिशातनं वहीत जातं, समोर कुणी उभं आहे का हे मी तपासलंच नव्हतं. आणखी एक भोक.

मग खानापूरला फोन. आधी म्हणाला काय की, चुकून झालं असेल. मग म्हणाला, "त्याची सहामाही चालू होती रे दादा. आधीच दोन खाडे झाले होते. चार अजून पडले असते तर बोनस गेला असता त्याचा." आठ लगडी स्वतःच्या. त्याचं महिन्याचं कमिशन पंधरा-सोळा.

बाबांना सांगितलं. ते चष्मा पुसत बसले. आईच आतनं म्हणाली, "विचार त्यांना, भाजी मार्केटातल्या त्या म्हातारीची पिग्मी किती महिने कोण भरत होतं ते."

भोक बुजवलं: आता पावतीला दहा ठोकळ्यांच्या आत खातेदार हजर पाहिजे. गोकाकचे बोनससकट दिले. पण त्या आठ लगडींचं वहीत काय करायचं? पोराच्या नावावर जमा दिसतात, दिल्या दुसऱ्यानंच. बाबा म्हणाले नोंद खरी पाहिजे, आणि त्यांनी सांगितली तशी मी घातली.

नोंद क्रमांक २११४. गोकाक पिग्मी, पावत्या चार, जमा ८ लगडी, हस्ते खानापूर. शेरा: खातेदारास कळवू नये.